शांताचा बारावा भाग

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. कोल्हारहून मधल्या भावाचा मुलगा बोलत होता. "आत्याबाई, दत्तूतात्या गेले. सकाळी उठलेच न्हाईत." मी सवयीने फोनशेजारची वही ओढली आणि लिहून घेतलं : दत्तात्रय, पहाटे, झोपेत, अंत्यविधी सहा वाजता. अक्षर कुठे हललं नाही. वही बंद केली आणि मग मला भिंतीपलीकडचं हसणं ऐकू आलं. शेजारी टीव्ही लागला होता. आमच्या भागाचा केबलवाला दुपारी जो कार्यक्रम पुन्हा पुन्हा लावतो, तोच चालू होता. त्यातला पुरुष त्यातल्या बाईला काहीतरी म्हणाला आणि शेजारचं अख्खं घर हसलं. ती बाई म्हणजे माझी भावजय. तिला जाऊन सात वर्षं झाली होती... आणि ज्याने तिला त्या पडद्यावर आणलं, तो त्या पहाटे गेला होता.

याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, निबंध कसा लिहावा हेही शिकवलं. पण खरं सांगायचं तर या पाच आठवड्यांत मला रडू फारसं आलं नाही. आली ती किळस. ताटात माशी पडल्यावर येते तशी, पोटातून. ती कुणाकुणाची आली ते मी नीट, क्रमाने लिहिणार आहे. निखिल, अदिती, माझ्या परदेशातल्या नातवंडांनो, वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं हे कात्रण मी तुम्हाला टपालाने पाठवीन. तुमचे बाबा वाचून दाखवतील. मामाआजोबा कसे होते ते तुम्हाला कळायला हवं. पण हे मी घरच्या पत्रात न लिहिता पुरवणीत लिहिते आहे, कारण आमच्या गावात जे हसले, त्यांनीही ते वाचायला हवं.

आम्ही कोल्हारचे. प्रवरेच्या काठी थोडी जमीन, भावंडं तीन. मी थोरली. मामांनी मला पुण्याला नेऊन मिशनच्या बोर्डिंगात घातलं, म्हणून मी काट्याचमच्याने जेवायला आणि प्रत्येक गोष्टीला लेबल लावायला शिकले. दत्तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो नदीत डुंबत आणि इंजिनं उघडत वाढला. नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला, एका कारखान्यात तो फिटर होता. मी बोलायला लागले की तो हात पुढे करून उभा राहायचा, छडी खायला उभं राहावं तसा, आणि म्हणायचा, "हाना, हेडमास्तर." त्याची बायको शांता. मूल झालं नाही. शांता मोठ्या हाडाची, हसरी बाई होती, बोलायला लागली की थांबायची नाही. दत्तू तिच्यापुढे जवळजवळ मुकाच. तो कामावरून आला की ती दिवसभराचं सगळं सांगायची, आणि तो भाकरी मोडत "व्हय" म्हणायचा. ती आजारी पडली आणि दहा-बारा दिवसांत गेली. गेली तेव्हा हा दुसऱ्या पाळीला होता. निरोप पोचला, हा सायकल मारत दवाखान्यात आला, तेव्हा खाटेवरची चादरही बदलून झाली होती. पुढे कारखान्याने माणसं कमी केली, त्यात दत्तूही घरी बसला. मी त्याला नगरला, सावेडीत माझ्याकडे आणलं आणि पुढची खोली दिली.

तो राहायला आला आणि माझं घर घाण झालं. हे मी आज गोड करून सांगणार नाही. विडीची थोटकं फुलदाणीत सापडायची. खोलीत तारा, स्क्रू, मोडके रेडिओ आणि डाग द्यायच्या कथिलाचा तो जळका वास. नखांतलं ग्रीस मरेपर्यंत गेलं नसावं. शेंगदाण्याची चटणी भाकरीवर घेऊन तो खोलीभर हिंडायचा आणि त्याच बोटांनी सगळ्याला हात लावायचा. मी दारामागे नियमांचा कागद लावला होता, सात कलमांचा. त्याने तो वाचला आणि खाली पेन्सिलने लिहिलं : "आठ. दत्तूने श्वास घेऊ नये."

आता तुमचा संबंध येतो. तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा ऐन उन्हाळा होता. बाहेर सोडता येईना, म्हणून तुमच्या बाबांनी कापड बाजारातून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. काळा डबा, त्याला दोन कंट्रोल, एक नंबर आणि दोन नंबर. पडद्यावर दोन छोटी माणसं, एक लाल, एक हिरवं. ती विटांच्या भिंतींवरून उड्या मारत, खंदक ओलांडत, वरून पडणारे दगड चुकवत पळायची, आणि शेवटी एक बंद दरवाजा यायचा. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालायचं. सुमारे पावणेचार मिनिटांचं. ते शून्यावर आलं की दोन्ही माणसं उताणी होऊन खाली पडायची, आणि तिथेच पुन्हा उभी राहायची, घड्याळही नव्याने. असं तीन वेळा. तीन जीव संपले की खेळ संपला. तुम्ही महिनाभर मला त्या टुंटुं आवाजाने छळलंत आणि जाताना तो डबा इथेच विसरून गेलात. मी तो पुसून, तारा गुंडाळून, वर लेबल लावून माळ्यावर ठेवला. दत्तूने आठवड्यात खाली काढला.

साठीकडे झुकलेला माणूस पोरांचा खेळ खेळतो, याची मला लाज वाटायची. खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे मी. पण थोड्याच दिवसांत लक्षात आलं की तो खेळतच नव्हता. पडणारे दगड आणि वाटेतले शत्रू तो आधी संपवून टाकायचा, आणि सगळं मोकळं झालं की लाल माणसाला हिरव्याशेजारी नेऊन नुसता उभा करायचा. मग त्याने खेळाची तार माझ्या व्हीसीआरमध्ये खुपसली. खेळाच्या आवाजाची तार काढून तिथे जुन्या टेपरेकॉर्डरचा माईक जोडला, मध्ये स्वतः बनवलेली एक डबी. ती टुंटुं गेली आणि पडद्यावरच्या त्या दोन माणसांना दत्तूचा आवाज आला.

लाल तो स्वतः. हिरवी शांता. हिरवं का, तर तिच्याकडे हिरवं लुगडं होतं म्हणून. या दोघांना कोल्हारहून नागापूरला कामाला जायचं आहे, वाटेत जे जे येईल ते ओलांडायचं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी उभं राहून दोघं बोलतात. गोष्ट म्हणाल तर एवढीच. त्याने तिचे बारा भाग करायचं ठरवलं होतं. दोघांचे आवाज तोच काढायचा. शांताचा आवाज काढताना त्याचा आवाज बारीक होत नसे, फक्त भरभर व्हायचा. जन्मभर "व्हय"पलीकडे न गेलेला माझा भाऊ तिथे भडाभडा बोलायचा, आणि मी दारात उभी राहून ऐकायचे.

एक दिवस त्याने दोन नंबरचा कंट्रोल माझ्यापुढे धरला. हिरवी एकटी पडली की दगडाखाली यायची. तिला बाजूला घ्यायला, उडी मारायला, त्याच्याबरोबर चालवायला दुसरं माणूस लागत होतं. कंट्रोलवर चटणीचं तेल होतं. मी तो ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने पुसला, आणि मग बसले. काम सोपं होतं. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं, आणि तो बोलत असेपर्यंत अजिबात हलायचं नाही. माझं बोट चुकून लागलं आणि शांता बोलता बोलता उडी मारून खंदकात पडली, की पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ शून्यावर यायच्या आत बोलणं संपवावं लागे. त्यामुळे तो एकेक संवाद कागदावर लिहून, घड्याळ लावून, चार-चार दिवस घोकायचा. मी त्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायचे. तो म्हणायचा, "आक्का, बोलायचं हाय, छापायचं न्हाई."

भाग पुरा झाला की कॅसेटला लेबल माझं. हे काम मी स्वतःहून घेतलं. पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईने, माझ्या वळणदार अक्षरात : शांता – १, शांता – २, शांता – ३. शेजारी भागाचा तपशील. वहीत वेगळी नोंद. दत्तू म्हणाला होता, नाव कशाला, आकडे टाक. मी म्हटलं, नुसत्या आकड्यांवरून कुणाला काय कळणार. पुढे जे झालं त्याचं मूळ या माझ्या वाक्यात आहे.

रविवारी सकाळी गल्लीतल्या बायका पाहायला यायच्या. आधी कुतूहलाने आल्या, पदर तोंडावर धरून हसल्या. चौथ्या भागात लाल माणूस आणि हिरवी बाई एका भिंतीपाशी थांबतात, आणि ती विचारते, आपल्याला मूल का नाही झालं याचा तुम्हाला कधी राग आला का. लाल माणूस इतका वेळ गप्प राहतो की कोपऱ्यातलं घड्याळ धोक्याच्या आकड्यावर येतं. मग म्हणतो, "तू बोलती ना दिवसभर. घर भरल्यालंच हाय की." त्या दिवशी खोलीत कुणी हसलं नाही. दोन बोटांएवढ्या चौकोनी ठिपक्यांच्या त्या बाहुल्या. त्यांना ना नाक ना डोळे. मी दोन नंबर हातात धरून ते भरताना पाहिलं होतं, तरी मला उठून आत जावं लागलं.

केबलवाल्याच्या कानावर हे गेलंच. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. छापून यायची त्याला फार हौस आहे. तो आला, सोफ्यावर पाय पसरून बसला आणि म्हणाला, द्या कॅसेटी, चॅनेलवर लावतो, अख्खं नगर बघेल. दत्तू म्हणाला, "घरातलं हाय ते. घरातच ऱ्हाऊ दे." तो पुन्हा आला. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा आला तेव्हा दत्तू मागच्या दाराने निघून गेला, आणि केबलवाला मला म्हणाला, तुम्ही शिकलेल्या आहात बाई, तुम्ही तरी समजवा. शिकलेल्या म्हटलेलं मला आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

आता ती कॅसेट. तुमच्या बाबांनी तिकडून निखिलच्या वाढदिवसाची कॅसेट पाठवली होती. मी ती लावली तर पडद्यावर नुसते काळेपांढरे पट्टे वर सरकत राहिले, आणि आवाज आला तो विहिरीतून कुणी ओरडावं तसा. तिकडची कॅसेट इकडच्या यंत्रात चालत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. मी ती कपाटात जपून ठेवली. कुणाची, कधीची, हे सगळं वहीत लिहिलं. आणि कॅसेटच्या पाठीवर, पुन्हा कुणी चुकून लावू नये म्हणून, दोनच शब्द : चालत नाही.

अकरा भाग झाले होते. मी कोल्हारला एका लग्नासाठी दोन दिवस गेले. परत आले तर व्हीसीआरवर ती कॅसेट. दत्तूला बारावा भाग भरायचा होता, कोरी कॅसेट घरात नव्हती. त्याने कपाट उघडलं, माझं लेबल वाचलं, आणि खराब झालेली कॅसेट म्हणून तिच्यावर भाग भरला. तो काही लपवत नव्हता. उलट चहाचा कप घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "आक्का, झालं बघ पुरं. बसून बघ." मी कॅसेट हातात घेतली आणि मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. पट्टे तर पट्टे, पण त्या पट्ट्यांमागे माझी नातवंडं होती. मी कधीमधी ती कॅसेट नुसती काढून पुसून ठेवायचे. मी त्याला घाणेरडा म्हणाले. माझ्या घरात त्याने हात लावला नाही अशी एक वस्तू उरली नाही म्हणाले. मेलेल्या बायकोचा बाहुल्यांचा खेळ म्हणाले... हे शेवटचं मी मराठीत म्हणाले. इंग्रजीत म्हणाले असते तर त्याला कळलं नसतं.

तो कप खाली ठेवून बाहेर गेला. आणि मी, नियमांचा कागद लावणारी, लेबलं लिहिणारी बाई, अकरा कॅसेटी पिशवीत भरून स्वतः चालत केबलवाल्याच्या दुकानात गेले आणि म्हटलं, घेऊन जा ही अडगळ. बारावी दिली नाही, कारण ती तुमची होती. ती न बघता कपाटात परत ठेवली.

पंधरा दिवसांनी चॅनेलवर ते सुरू झालं. चित्रं दत्तूचीच. लाल माणूस, हिरवी बाई, भिंत, खंदक. आवाज मात्र केबलवाल्याचा आणि त्याच्या दोन मित्रांचा. त्यांनी दत्तूचा आवाज पुसून त्या दोघांच्या तोंडी जे घातलं होतं, त्यातलं एकही वाक्य मी इथे लिहू शकत नाही. हिरवी वाकली की एक विनोद, लाल तिच्याजवळ आला की दुसरा. मूल नाही म्हणून जिथे दोघं गप्प उभी होती, तिथे तर... जाऊ दे. मध्ये मध्ये एका परमिट रूमची जाहिरात. आणि कार्यक्रमाला नाव हवं होतं, ते त्यांना आयतं मिळालं होतं, माझ्या वळणदार अक्षरात, अकरा वेळा. गावभर 'शांता' झालं. रिक्षावाले एकमेकांना शांताचं विचारायला लागले. कॉलेजच्या मुली हिरवा पंजाबी ड्रेस घालेनाशा झाल्या. ज्या बायका आमच्या खोलीत पदराने डोळे पुसून गेल्या होत्या, त्यांच्याही घरातून दुपारी तेच हसणं ऐकू यायचं. मला सगळ्यात जास्त शिसारी त्याची आली. केबलवाला काय, त्याला अक्कलच तेवढी. यांना माहीत होतं.

दत्तूने ते पहिल्यांदा न्हाव्याच्या दुकानात पाहिलं. अर्ध्या गालाला फेस असताना. तिथल्या कुणीतरी म्हटलं, "काय दत्तूशेठ, तुमच्या शांतानं मार्केट खाल्लं की." तो तसाच उठून घरी आला, एक गाल साफ आणि एक पांढरा. मोरीत तोंड धुतलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. मला वाटलं, आता विचारील. आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, मुद्देसूद. तो टॉवेल खांद्यावर टाकून दारात आला.

"आक्का, तूच दिल्या का?"

"हो."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मग इतकंच म्हणाला, "लेबलं तरी काढून द्यायची हुती."

दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन एसटीने कोल्हारला गेला. खोली त्याने झाडून, पुसून ठेवली होती. एक थोटूक सापडलं नाही. इतकी स्वच्छ ती खोली मला कधीच नको होती.

पुढच्याच महिन्यात तुमच्या बाबांशी फोनवर बोलताना मी रडत रडत कॅसेटचं सांगितलं. ते म्हणाले, "आई, त्यात काय एवढं, मूळ कॅसेट आमच्याकडे आहे ना. तुला पाठवली ती नक्कल होती." मी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांना वाटलं लाइन तुटली.

त्यानंतर मी दत्तूला एकदाच भेटले, भाऊबीजेला. माफीचं वाक्य तयार केलं होतं. एसटीत बसून ते तीनदा मनात दुरुस्त केलं. त्याने पाटावर बसून ओवाळून घेतलं, ताटात खण ठेवला. हिरवा खण. मी तो पाहिला आणि माफीच्या वाक्याऐवजी त्याला लाडू वाढला. त्याने टोमणा म्हणून ठेवला की माया म्हणून, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. निघताना तो स्टँडपर्यंत आला, माझी पिशवी त्याच्या हातात. सायकलचं, विहिरीच्या मोटरचं बोलला. शेवटी म्हणाला, "बारावा बघितला का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं." गाडी आली.

तेराव्यानंतर मी नगरला परतले तर केबलवाला भेटायला आला. हातात हार. फोटो कुठे आहे विचारू लागला. त्याने सांगितलं की येत्या रविवारी दत्तूकाकांना श्रद्धांजली म्हणून 'शांता'चे चार भाग सलग लावणार, खाली नावाची पट्टी फिरवणार. मी त्याला विचारलं, मूळ कॅसेटी कुठे आहेत, दत्तूच्या आवाजातल्या. तो म्हणाला, "अहो बाई, त्याच्यावरच तर आम्ही आवाज भरला. मूळ कुठं राहतं? आणि काकांच्यापेक्षा भारीच झालं की नाही? लोक बघतात." हे तो हार हातात धरून म्हणाला. झेंडूचा वास आणि त्याच्या तोंडातल्या गुटख्याचा वास एकत्र आला आणि मी उठून दार सताड उघडलं. तो चहासाठी बसून राहिला. आमच्या घरातून दारी आलेला माणूस चहाशिवाय गेला असं आजवर झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. तो गेल्यावर मी दत्तूच्या खोलीत गेले. पेटी तो घेऊन गेला होता, पण एक पकड खिडकीत राहिली होती. मी स्टुलावर चढले आणि खिडकीतून आत येणारी केबलची वायर तिने तोडली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा तुटली.

म्हणून हे इथे लिहिते. ज्या बाईवर तुम्ही दीड वर्षं हसलात, ती खरी होती. तिचं नाव शांता दत्तात्रय होतं. ती नागापूरच्या एका गोदामात कांदे निवडायची आणि संध्याकाळी नवऱ्याला दिवस सांगायची. तिच्या नवऱ्याने तिच्याशी राहून गेलेलं बोलणं, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून, पोरांच्या खेळात बोलून घेतलं. ते घरातलं होतं. ते घराबाहेर मी नेऊन दिलं, त्याने नाही.

आणि मग मी बारावा भाग पाहिला.

तो अकरा मिनिटांचा आहे. शेवटचा बंद दरवाजा आला आहे. दोन्ही कंट्रोल एकट्याने चालवून त्याने तिथवर आणलेली दोघं दरवाज्यापुढे उभी. हिरवी जागची हलत नाही. तिच्या वाट्याचे शब्दही नाहीत. एकटा लाल बोलतो. "शांते, आक्का गेलीया कोल्हारला लग्नाला. म्हनून आज दोन नंबरला कुनी न्हाई. तू आपली हुबी ऱ्हा." मग तो तिला दिवस सांगतो, जसा ती त्याला सांगायची. पाणी उशिरा आलं. तिच्या चपला अजून त्याच्या खाटेखाली आहेत, आक्का टाकून दे म्हणते, पण तो टाकणार नाही. मग म्हणतो, "आक्का चिडती लई. पर दोन नंबर हातात घेतला की हलत न्हाई बघ अजाबात. तू बोलायचीस तवा मी असाच बसायचो." घड्याळ शून्यावर येतं, दोघं पडतात, उठतात. दुसऱ्या जीवात तो दवाखान्याचं सांगतो. सायकलची साखळी वाटेत दोनदा पडली हे सांगतो. मला हे माहीत नव्हतं. आम्ही तर त्याला, उशीर का केलास, असं विचारलं होतं. पुन्हा दोघं पडतात, पुन्हा उठतात. तिसऱ्या जीवात तो काहीच बोलत नाही. पावणेचार मिनिटं नुसता शेजारी उभा राहतो. खुर्ची करकरल्याचा आवाज येतो, मध्ये एकदा नाक ओढल्याचा. घड्याळ संपतं, दोघं बरोबर पडतात आणि उठत नाहीत.

त्यानंतर काळेपांढरे पट्टे सुरू होतात आणि निखिल, तुझा आवाज येतो, म्हाताऱ्यासारखा जड आणि लांबलेला. तू 'आजी' म्हणतोस.

ही कॅसेट मी तुम्हाला पाठवणार नाही. तुमच्याकडे वाढदिवस दिसेल आणि मामाआजोबांच्या जागी पट्टे सरकतील. ती बघायला इथे यावं लागेल. मी जुनं लेबल पाण्याने भिजवून काढलं आहे. नवं लावलं नाही. कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर कुणाला दुसरं काही भरता येत नाही. ती मी पकडीने मोडून टाकली. हे दत्तूनेच मला शिकवलं होतं, आणि अकरा कॅसेटींच्या वेळी मी ते केलं नव्हतं, प्लॅस्टिक मोडलेलं बरं दिसत नाही म्हणून.

दुपारी, शेजारी टीव्ही लागायच्या वेळेला, मी दत्तूच्या खोलीचं दार लावून ती लावते. हातात दोन नंबरचा कंट्रोल घेते. त्याची तार कशालाच जोडलेली नाही. अंगठ्याच्या जागी अजून तेलाचा चिकटपणा आहे. तो मी पुसलेला नाही. तो बोलत असेपर्यंत हलायचं नाही, एवढंच माझं काम होतं. तेवढं मी करते.